अंगठ्याचा दाब

पौड रस्त्यावरच्या आमच्या कारखान्यात फरसाणाच्या पिशव्यांचं प्लॅस्टिक छापतात. कोरं प्लॅस्टिक शाई धरत नाही. तेलकट ताटावरच्या पाण्यासारखे तिचे थेंब गोळा होतात. म्हणून छपाईआधी प्लॅस्टिकची ही फिल्म एका धातूच्या दांडीखालून जाते. तिथे उच्च दाबाची वीज, जांभळट उजेड आणि नाकाला झोंबणारा वास. त्या विजेने फिल्मचा वरचा पापुद्रा बदलतो आणि शाई बसते. वीज कमी पडली तर छपाई सुटते; जास्त झाली तर गुंडाळलेल्या रोलचे थरच एकमेकांना चिकटतात.

गेल्या महिन्यात असा एक रोल चिकटला. शिफ्ट माझी. मालकांनी सगळ्यांदेखत झापलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी वीज उतरवली, भीतीने जरा जास्तच. कुणाला बोललो नाही. तसा मी बोलतच नाही फारसा. बायकोलाही हे अजून सांगितलेलं नाही.

पहिला रोल छापून उतरला. तपासायची रीत साधी: छपाईवर चिकटपट्टी घट्ट दाबायची आणि झटक्यात ओढायची. मी अंगठा नुसता टेकवला आणि पट्टी हळूहळू सोलली. अशी सोलली की कच्ची शाईसुद्धा जागेवर राहते, हे मला पक्कं ठाऊक होतं. ‘पास’ म्हणालो.

दुपारी मालक आले. त्यांनी स्वतः पट्टी लावली, नखाने घासली, ओढली. छपाईतलं अख्खं लाल फूल पट्टीवर निघून आलं.

“शाई कुणी कालवली?”

शाई कालवणाऱ्या ताई पुढे झाल्या. वरच्या डोंगरवाडीतून येतात, ठेकेदाराच्या माणसांत. “म्या. रोजच्यावानीच हाय.”

“पातळ केलीय. उद्यापासून येऊ नका.”

“म्या काय दुधात पाणी घालती व्हय, साहेब? सरांना इचारा की. त्यांनीच पास केलंय.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणालो, “शाई... बघावी लागेल.”

हे मी म्हणालो. लिहितानाही हात थांबतो.

मालकांनी ठेकेदाराला फोन लावला. ताईंनी हातमोजे काढून पिंपावर ठेवले आणि त्या ॲप्रनची गाठ सोडायला लागल्या. गाठ ओली होती, सुटेना. तेव्हा कुठे माझ्या तोंडून निघालं, “वीज मी उतरवली होती. पट्टीही मुद्दाम हलकी लावली.”

मशीनच्या आवाजात ऐकू गेलं नाही. परत बोलावं लागलं, ओरडून. या खेपेला सगळ्यांनी ऐकलं.

मालकांनी फोन कापला. “मग इतका वेळ तोंड शिवलं होतं का? हे सगळे रोल भंगारात टाका. तुमचं संध्याकाळी केबिनमध्ये बघतो.”

ते गेले. ताई पुन्हा हातमोजे चढवत होत्या. मी जवळ जाऊन म्हणालो, “ताई, चुकलं माझं.”

त्यांनी वर पाहिलं नाही. “तुमी गप हुबं हुता ना सर, तवर घरी काय सांगायचं त्ये ठरवून झालं हुतं माझं. सरका आता. शाईचं पिंप हलवायचंय.”