सुलूच्यातले सात आर्मेनियन

मिनेवरने चौतीस वर्षं रोमानियातल्या सुलूच्यात टपाल वाटलं. त्यामुळे गावातल्या साडेतीन हजार माणसांपैकी कोणाचा भाऊ जर्मनीत आहे, कोणाच्या जावयाने पत्र टाकणं बंद केलंय आणि कोणाचा कुत्रा नेमका डाव्या पोटरीलाच येतो, हे सगळं तिला तोंडपाठ होतं. म्हणून २०११ च्या ऑक्टोबरात जनगणनेला माणसं कमी पडली, तेव्हा नगरपालिकेच्या चिटणीस व्हिओरिकाबाईंनी तिला घरी येऊन गाठलं. मिनेवरला निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती आणि घरात बसून ती नुसती वैतागली होती. तिने विचार करायला एक दिवस मागितला आणि अर्ध्या तासाने होकार कळवला.

प्रशिक्षणात व्हिओरिकाबाईंनी सगळ्यांना बजावलं, "नागरिक सांगेल तेच लिहायचं. वंशाच्या रकान्यात तर विशेष जपा. सुचवायचं नाही, वाद घालायचा नाही, हसायचं नाही. भुवईसुद्धा वर करायची नाही."

हे म्हणताना त्या मिनेवरकडे बघत होत्या. मिनेवरच्या भुवया गावभर प्रसिद्ध होत्या.

खरं तर या रकान्याचं तिला काय कौतुक असणार? ती स्वतः तातार, आणि १९७१ साली तिने आर्तियोमशी लग्न केलं. तो लिपोवान, म्हणजे जुन्या पंथाच्या रशियन कोळ्यांपैकी, छातीपर्यंत दाढीचा. लग्नाची बातमी ऐकून मिनेवरच्या आईने अंथरूण धरलं. चौथ्या दिवशी आर्तियोमची आई एक भला मोठा कार्प मासा घेऊन दारात उभी राहिली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, रोमानियन दोघींचीही मोडकीतोडकी. तेवढ्या भांडवलावर दोघींनी आपापल्या लेकरांना मनसोक्त शिव्या घातल्या, आणि त्यातून जी मैत्री जमली ती शेवटपर्यंत टिकली. पुढे मिनेवरच्या घरात बायराम म्हणजे ईद दोन, नाताळ जुन्या पंचांगाचा, नवं वर्षही दोनदा. आर्तियोम म्हणायचा, "आमच्याकडे सण संपला की कामाला लागतो, म्हणून आम्ही अजून कामाला लागलोच नाही."

तर मिनेवर फॉर्मांची पिशवी खांद्याला लावून निघाली. पहिल्याच गल्लीत झाफेर आणि नुरी हे दोघे भाऊ राहत होते. साठी उलटलेले, एका छपराखाली, एका चुलीवर जेवणारे.

"तुर्क," झाफेर म्हणाला.

"तातार," नुरी म्हणाला.

मिनेवरने पेन थांबवलं. "आई एकच ना तुमची?"

"एकच. पण ती मला तुर्कीत रागवायची," झाफेर म्हणाला.

"आणि मला तातारमध्ये. लाडका मी होतो," नुरी म्हणाला.

तिने एक तुर्क आणि एक तातार असं लिहिलं आणि बाहेर पडल्यावर डोक्याचा रुमाल खाली ओढून भुवयांवर घेतला. त्या दिवसापासून जनगणना संपेपर्यंत ती तशीच फिरली. लोकांना वाटलं, बाईचं डोकं दुखतंय.

मंगळवारी ती मेलकोनबाबाच्या दारात पोचली. मेलकोन शहाऐंशी वर्षांचा. त्याचं कॉफी भाजण्याचं दुकान होतं आणि सकाळी त्याने भट्टी पेटवली की वाऱ्याच्या दिशेची सगळी गल्ली जागी व्हायची. आर्मेनियन चर्चची किल्लीही त्याच्याकडेच असे. आता तिथे पाद्री यायचा बंद झाला होता, मेलकोनच आठवड्याला धूळ झटकून यायचा.

तिला कॉफी देऊन त्याने खिशातून वर्तमानपत्राचं एक पिवळं कात्रण काढलं. मागच्या जनगणनेचा तक्ता होता. आर्मेनियन – तीन.

"मी, माझी सिरानुश आणि तिची बहीण," तो म्हणाला. "दोघी गेल्या. आता यंदा काय छापतील, माहीत आहे? तीनपेक्षा कमी माणसं असली की आकडा देत नाहीत. चांदणी देतात."

"चांदणी?"

"छोटीशी. आकड्याच्या जागी. खाली टीप असते." त्याने कात्रणाची घडी नीट घातली. "मिनेवर पोरी, चांदणी व्हायला माणसाला आधी मरावं लागतं. मी रोज चार किलो कॉफी भाजतो."

तिने रकान्यात 'आर्मेनियन' इतक्या जपून लिहिलं की शाळेत असतानाही तिचं अक्षर इतकं सुंदर आलं नव्हतं. घरी आल्यावर तिचा चेहरा पाहून आर्तियोमने दोनदा विचारलं, पण तिने गुप्ततेची शपथ घेतली होती. शपथेची गरज नव्हती. मेलकोनने दुसऱ्या दिवशी न्हाव्याकडे दाढी करता करता चांदणीची गोष्ट स्वतःच सांगून टाकली होती आणि संध्याकाळपर्यंत ती नदीच्या धक्क्यावर पोचली होती.

गुरुवारी मिनेवर औषधाच्या दुकानावरच्या मजल्यावर गेली. औषधवाली ओर्तान्सा ही पिढ्यान्पिढ्यांची रोमानियन, निदान तोवर सगळे तसंच समजत होते.

"माझ्या आजीचं नाव ताकुही," ओर्तान्सा म्हणाली. "आईची आई. आर्मेनियन लिहा."

आतल्या खोलीतून तिच्या नवऱ्याने विचारलं, "तू आर्मेनियन कधीपासून?"

"कालपासून. आणि आजी पहिल्यापासून होती. तुझ्या आईला ती आवडायची नाही म्हणून मी तिचं नाव काढत नव्हते."

मिनेवरने रुमाल आणखी खाली ओढला आणि लिहून घेतलं. शुक्रवारी चित्रकलेच्या निवृत्त शिक्षिका साबिनाबाई आणि त्यांच्या दोन्ही मुली आर्मेनियन निघाल्या. आजोबा, वडिलांकडून, फोटोसकट. शनिवारी होडीवाला कोर्नेल आणि त्याची बायको. कोर्नेलने आजोबा-बिजोबा काही काढले नाहीत.

"मला पोहायला मेलकोनबाबाने शिकवलंय," तो म्हणाला. "बापाला वेळ नव्हता. लिहा."

"मी विचारलं नाही कारण," मिनेवर म्हणाली.

"तुम्ही विचाराल असं वाटलं. तुमचा रुमाल हलला."

आपल्या घराची पाळी तिने शेवटी ठेवली होती. रविवारी दुपारी तिने स्वयंपाकघरातल्या टेबलावर फॉर्म मांडला आणि नवऱ्याला समोर बसवलं.

"नागरिक, आपला वंश?"

"चाळीस वर्षं तुला माहीत आहे."

"नागरिकाने स्वतः सांगायचं असतं."

"कोळी."

"कोळी हा रकान्यात नाही."

"मग रकाना करणाऱ्याने मासा खाल्ला नसेल कधी." त्याने दाढीवरून हात फिरवला. "बरं, लिपोवान लिही. आता आण ते पेन इकडे. नागरिक, आपला वंश?"

ती 'तातार' म्हणाली. घराघरांतून हा शब्द आठवडाभर ऐकला होता, कागदावर लिहिला होता, पण स्वतःबद्दल असा मोठ्याने म्हणायची वेळ तिच्यावर कितीतरी वर्षांत आली नव्हती. आवाज थेट आईसारखा आला. आर्तियोमने मान वर करून पाहिलं आणि अक्षरं चुकवत लिहून टाकलं.

सोमवारी व्हिओरिकाबाईंनी तिला बोलावून घेतलं. त्यांच्यासमोर तिच्या फॉर्मांचा गठ्ठा होता.

"मिनेवर, तुमच्या एका प्रभागात सात आर्मेनियन कसे?"

"सांगितलं तसं लिहिलं."

"दहा वर्षांत आर्मेनियन दुपटीच्या वर? या गावात? तुम्ही कोणाला काही सुचवलंत?"

"बाई, मी आठवडाभर भुवया झाकून फिरले. घामोळं आलंय, बघा." आणि तिने रुमाल वर करून दाखवलं.

व्हिओरिकाबाईंनी ओर्तान्साला फोन लावला, कोर्नेलला लावला. दोघांनी ठणकावून तेच सांगितलं. नियमच होता, नागरिक सांगेल ते. बाईंनी शिक्का मारला.

पण खरा राग यायचा होता तो मेलकोनबाबाला. ओर्तान्सानेच हौसेने त्याला जाऊन सांगितलं होतं. मिनेवर दुकानात गेली तेव्हा भट्टी थंड होती आणि म्हातारा पाठ करून बसला होता.

"मी भीक मागितली होती का?" तो म्हणाला. "त्या ओर्तान्साला आर्मेनियनमध्ये नमस्कारसुद्धा येत नाही. कोर्नेल तर कोर्नेलच आहे."

"बाबा, मी कोणाला काही बोलले नाही."

"ते माहीत आहे मला. तू बोलली असतीस तर सत्तर झाले असते." तो बराच वेळ टेबलावर बोट आपटत राहिला. मग वळला. "सात म्हणतात ना स्वतःला? ठीक आहे. रविवारी दहा वाजता चर्चमध्ये. सगळे. न येणाऱ्याचं नाव मी स्वतः जाऊन खोडून येईन."

रविवारी मिनेवर उगाच बघायला म्हणून गेली. ओर्तान्साने आजीच्या आठवणीवरून गव्हाची गोड खीर करून आणली होती, थोडी करपलेली. साबिनाबाईंच्या मुली आपसांत कुजबुजत होत्या. कोर्नेल लग्नातला कोट घालून, तो बंद होत नसतानाही, बायकोसह पहिल्या रांगेत उभा होता. मेलकोनने प्रार्थनेची पहिली ओळ म्हटली आणि सगळ्यांना म्हणायची खूण केली. सगळे अडखळले. दुसऱ्यांदाही अडखळले. तिसऱ्यांदा कोर्नेलने, नदीच्या पलीकडे हाका मारून कमावलेल्या आवाजात, ती ओळ अशी म्हटली की छतातली कबुतरं उडाली.

"उच्चार वाईट आहेत," मेलकोन म्हणाला. मग चष्मा काढून पुसत बसला. फार वेळ पुसत बसला. "पण आवाज आहे. चला, पुन्हा."

सगळे रविवार काही टिकले नाहीत. साबिनाबाईंच्या मुली वसंतात बुखारेस्टला गेल्या. ओर्तान्सा आणि कोर्नेल मात्र येत राहिले, आणि ओर्तान्साची खीर हळूहळू करपायची थांबली.

निकालाचा तक्ता नगरपालिकेच्या भिंतीवर लागायला दोन वर्षं गेली. मेलकोनबाबा मिनेवरच्या हाताला धरून पायऱ्या चढला आणि कागदाला नाक लावून, बोट फिरवत सगळा तक्ता वाचून काढला.

"सात," तो म्हणाला. "कोर्नेलच्या बायकोला धरून. ती फक्त कॉफीला येते." बोट वर सरकलं. "तातार एकशे बेचाळीस? मागच्या वेळी तुम्ही जास्त होतात."

"पोरं कॉन्स्टान्त्साला जातात, बाबा. माझी लेक नादियाही तिकडेच मोजली गेली. तिने 'दोब्रुजाची', म्हणजे आपल्या या प्रांताची, असं लिहा म्हणून सांगितलं, तर पोरीला म्हणाले असा रकाना नाही."

"हुशार आहे नादिया. आईवर गेली असणार." तो वळला आणि पहिल्या पायरीवर काठी टेकली. "लिपोवान तुमच्यापेक्षा जास्त आहेत. घरी जाऊन आर्तियोमला सांगू नकोस. आठवडाभर ऐकवेल तो."

तिने सांगितलं, आणि त्याने महिनाभर ऐकवलं.