पलंगावर मांडलेले चार बाजार

ह्यांच्या ऑफिसात दर जानेवारीत एक फॉर्म भरून द्यावा लागतो. आपण किंवा घरच्यांनी वर्षभरात ठरावीक रकमेच्या वर शेअर वगैरे घेतले-विकले असतील तर त्यात लिहायचं. हे दरवर्षी "निल" लिहून सही करतात आणि मला ऐकवतात, "सरकारी माणसाने त्या बाजाराच्या वाटेला जाऊ नये."

यंदा फॉर्म घरी आला तेव्हा मी तो पहिल्यांदाच नीट वाचला. दीड वर्षापासून मी त्याच वाटेवर होते. खातं माझं, पैसे माझ्या शिकवण्यांचे, मग ह्यांचा काय संबंध, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. पण फॉर्मवर "घरच्यांनी" असं स्पष्ट छापलं होतं आणि ह्यांच्या बढतीचे कागद वर गेले होते.

दुसऱ्या दिवशी दिल्लीतल्या आमच्या लक्ष्मीबाई नगरातून तडक मुनिरका गाठलं. लेक तिथे खोली घेऊन अर्थशास्त्र शिकते. तिने माझ्या व्यवहारांचे प्रिंटआउट पलंगावर पसरले आणि थप्प्या लावल्या.

"हे बाँड. इथे सरकार नाहीतर कंपनी आपल्याकडून वर्षानुवर्षांसाठी पैसे उसने घेते आणि व्याज देते. ही दुसरी थप्पी लिक्विड फंडाची, म्हणजे मनी मार्केट. बँका, कंपन्या तिथे थोड्या दिवसांची नड भागवतात. हे शेअर, कंपनीतला आपला हिस्सा. इथपर्यंत बिल्कुल ठीक, फक्त बाबांना सांगायला हवं होतंस."

मला जरा हायसं वाटलं. पण चौथी थप्पी सगळ्यांत जाड होती.

"यार आई, हे तर ऑप्शन्स! यात तू शेअर घेतच नाहीस. भाव चढेल की पडेल, त्यावर करार घेतेस. आणि तेही रोज? बाबांच्या नोकरीच्या नियमात याला सट्टा म्हणतात. सोन्याचा आणि डॉलरचा बाजार तेवढा राहिला बघ, तोही करून टाकायचास!"

मला हसू आलं नाही. फोनवर सगळं एकाच ठिकाणी दिसायचं, तेच हिरवे-लाल आकडे, तेच बटण. पिशवीत भाजी भरावी तसं मी सगळं भरत गेले होते. मेट्रोने मी घरी परतले.

संध्याकाळी हे फॉर्म पुढ्यात घेऊन बसले, पेनाचं टोपण काढलं.

"अहो, थांबा," मी म्हणाले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

नफा झाला की तोटा, हे त्यांनी विचारलंच नाही. "कधीपासून?"

"दीड वर्ष."

त्यांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "म्हणजे मागच्या जानेवारीत मी खोट्यावर सही केली."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. अठ्ठावीस वर्षांची नोकरी, कधी ऑफिसचं पेन घरी आणलं नाही या माणसाने.

"मला विचारलं का नाहीस?"

"तुम्ही नाही म्हणाला असतात."

"सट्ट्याला म्हणालो असतो. शेअरला नाही. लिहून दिलं असतं, बस."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी कोरा कागद ओढला आणि साहेबांच्या नावे हिंदीत अर्ज लिहायला घेतला. मी खांद्यावरून पाहत होते. "मेरी पत्नी से भूल" एवढं लिहून ते थांबले, ते खोडलं आणि खाली लिहिलं, "मुझसे भूल हुई."