कुंडीच्या बुडाचं भोक

घड्याळजी माणूस हुशार. पण त्याच्या अकलेला रोज चावी द्यावी लागते, असं त्याच्या बायकोचं म्हणणं.

थोरली बहीण गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी तीन महिने लेकाकडे गेली, ती आपलं वीस वर्षांचं बोन्साय त्याच्या दुकानात ठेवून. "माती कोरडी दिसली तर पाणी घाल. एरवी हात लावायचा नाही!"

दोन महिन्यांत झाड पिवळं पडलं. दुरुस्तीच्या टेबलावर पानं टपाटपा गळायला लागली. बहीण यायला चारच आठवडे उरले होते. आक्काला तोंड कसं दाखवायचं?

"तूच पाणी ओतून मारलंस त्याला," तो बायकोवर खेकसला.

"मी? अहो, आठ दिवसांत थेंब घातला नाही. माती ओलीच आहे, मग ओतू कशाला?"

घड्याळजी चपापला. आठ दिवस पाणी नाही, तरी माती ओली? बंद घड्याळ हलवून बघू नये, उघडून बघावं, हा त्याचा धंद्यातला नियम. नखानं साल जराशी खरवडली. आत हिरवं. म्हणजे धुगधुगी होती. मग कुंडीच्या कडेनं पातळ सुरी फिरवून त्यानं मातीचा गड्डा अख्खा उचलला. भपकारा आला. निम्मी मुळं काळी, लिबलिबीत.

कुंडी उलटी केली, तर बुडाच्या भोकात रबराचं बूच. कसं चपखल बसवलेलं! असलं काम गावात एकाच माणसाचं.

पहिल्याच दिवशी टेबलावर पाणी ठिबकलं होतं. घड्याळात पाणी शिरू द्यायचं नाही, हे तीस वर्षं हातांत मुरलेलं. त्या हातांनी भोक कधी बुजवलं, डोक्याला पत्ताही नव्हता.

"वा! वॉटरप्रूफ झाड," बायको म्हणाली.

त्यानं सडकी मुळं कापली, भोक मोकळं केलं, जाड वाळू घालून झाड पुन्हा लावलं. खत विचारायला गेला, तर कोपऱ्यावरचा माळी म्हणाला, "तापातल्या माणसाला पक्वान्नं वाढता का? सावलीत ठेवा आणि गप बसा."

गप बसणं अवघड. दुरुस्त केलेलं घड्याळ लगेच टिकटिकतं. हे बेणं आत काय करत असेल? डोळ्याला भिंग लावून तो रोज फांदी न् फांदी तपासायचा. गिऱ्हाईक ताटकळायचं.

बहीण काठी टेकत आली. उघड्याबोडक्या फांद्या बघून दारातच थबकली. त्यानं बूच तिच्या तळहातावर ठेवलं. "आक्का, हे मीच लावलं होतं."

"आतून कशी रडते बघायला माझी बाहुली फाडली होतीस, त्यातलाच हा प्रकार. भिंग दे इकडे."

ती बराच वेळ वाकून बघत राहिली. मग खालच्या फांदीच्या बेचक्यात बोट दाखवलं. टाचणीच्या डोक्याएवढं तांबूस टोक.

"हे कधी आलं? सकाळी तर नव्हतं!"

"घड्याळजी तू. वेळ तू सांग."

तो आणखी जवळ सरकला, बोट पुढं केलं. काठी टेबलावर आपटली.

"हात लावायचा नाही!"