छबूबाईच्या बैलाची वेसण

पीरमहंमदच्या उजव्या मनगटावर आठ आण्याएवढा वण आहे. नात शकिला पुण्याला जंतुशास्त्र शिकते. सुट्टीत आली की वणावरून बोट फिरवते आणि म्हणते, "नाना, पुन्हा सांगा."

मग त्र्याहत्तरचा चैत्र समोर उभा राहतो. पाथर्डीच्या वाटेवरचा माळ, दुष्काळातली गुरांची छावणी, उसाच्या वाढ्यांचा आंबूस वास. गुरं इतकी मलूल, की गळ्यातल्या घंटा वाजायच्या त्या वाऱ्यानेच. पीरमहंमद गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होता.

एका सकाळी, छावणीत एकुलता बैल घेऊन आलेल्या छबूबाईचा तो बैल उभ्याउभ्या कोसळला. पोट फुगलेलं, नाकातून काळं रक्त, ते गोठत नव्हतं. फाशीचा रोग; माणसाला लागला की त्यालाच काळपुळी म्हणतात. पीरमहंमदने बजावलं, "कातडं सोलायचं नाही. पुरुषभर खड्डा, वर चुना." रक्त माळावर सांडलं असतं तर रोग वर्षानुवर्षं मातीत राहिला असता, आणि छावणीत चारशे गुरं होती.

छावणीवरचा मजूर भीमा खणता खणता म्हणाला, "जित्ता हुता तवा पेंडीला म्हाग. आता मेल्यावर चुन्याची चैन."

बैल खड्ड्याच्या कडेला आणला तेव्हा छबूबाई आडवी आली.

"पीरभाई, येसन काढा. आमच्यात बांधलेला बैल मातीत घालत न्हाईत."

"रक्त लागलंय तिला. हात लावू नका."

"मंग मी काढते."

ती वाकलीच. पीरमहंमदने तिला मागे सारलं आणि विळ्याने वेसण कापली. रबरी हातमोजा मनगटाशी फाटलेला होता, ते त्याला ठाऊक होतं. वेसण खड्ड्यात पडली, मागोमाग विळा, मग बैल.

तिसऱ्या दिवशी मनगटावर पुळी आली. ती काळी पडली, हात कोपरापर्यंत सुजला. नगरच्या इस्पितळात पेनिसिलिन सुरू झालं. छबूबाई पायी आली, खाटेशी बसली.

"दुखतंय का?"

"नाही."

"मंग बरं हाय."

काळपुळी दुखत नाही, हेच तिचं वाईट.

शकिला वहीत चित्र काढते. "त्या जंतूचं विष तीन प्रथिनांचं असतं, नाना. एकेकटं काहीच करत नाही. पहिलं पेशीला चिकटतं, त्याचे असे सात तुकडे जुळून कडं होतं. बाकीची दोन त्यावर बसतात. मग पेशी स्वतःच सगळ्यांना गिळते. आत आंबट लागलं की कड्याची नळी होते आणि ती दोघं तिच्यातून पेशीत सरकतात. एकाने पाणी साचतं, म्हणून हात सुजला. दुसरं पेशीच्या आतले निरोप तोडतं."

पीरमहंमद त्या कड्याकडे बघत राहतो. मधलं भोक त्याला बैलाच्या नाकातल्या भोकासारखं दिसतं.

"सगळं माहीत असून हात घातलात?"

तो बाही खाली ओढतो. इस्पितळात त्या दिवशी त्याने छबूबाईला दोन्ही हात पुढे करायला लावले होते, उलटे, मग सुलटे. उन्हाने भेगाळलेले हात. पुळी एकही नव्हती.