मरोळची आगबोट

आमची अबोली नेमकं काय करते, हे आमच्या घरात कोणालाच धड सांगता येत नाही. मी तिची वहिनी, लग्न होऊन आले तेव्हापासून बघते आहे. कुठून कुठून गंजके पत्रे, फुटकी कौलं, कोणाच्या तरी आजीचा पानाचा डबा असलं काहीबाही गोळा करते आणि एका मोठ्या खोलीत मांडून ठेवते. मग लोक येतात आणि हनुवटीला हात लावून त्यातून हळूहळू फिरतात. त्याला इन्स्टॉलेशन म्हणतात. माझे सासरे, नाना, पार्ल्याच्या बागेतल्या कट्ट्यावर सांगतात, "पोरगी डेकोरेशनचं करते." त्याचा परिणाम असा झाला की सोसायटीने गणपतीच्या मखराचं काम तिच्या गळ्यात मारलं. तिने कोळ्यांच्या जुन्या जाळ्यांचं मखर केलं. आरतीला येणाऱ्या बायका विसर्जनापर्यंत मला विचारत होत्या, "माधुरी, मखर कधी येणार गं?"

नाना मूळचे देवगडकडचे. लहान असताना आईचं बोट धरून आगबोटीने मुंबईला आले. ती आगबोट आमच्याकडे रोज जेवायला असते. आमटीत मीठ कमी पडलं तरी विषय फिरून बोटीवर जातो, आणि गोष्टीचा शेवट ठरलेला. "समुद्र असा खवळलेला! सगळ्यांना बोट लागली. लोक भडाभडा ओकतायत, खलाशी आडवे झालेत. मी एकटा कठड्याला धरून उभा. मला बोट लागली नाही!" हे ऐकताना आमच्याकडे कोणी वर बघत नाही, पानातलं संपवतात.

यंदा अबोलीने तीच आगबोट करायला घेतली. मरोळच्या औद्योगिक वसाहतीत एक गाळा मिळाला होता. तिथे लाकडी डेक, कठडा, ट्रंका, दोरीने बांधलेल्या वळकट्या, नारळाची पोती, आणि स्पीकरमधून लाटा. एवढ्यावर थांबेल तर ती अबोली कसली. तिला डेक हलायला हवा होता. साकीनाक्याच्या चंद्रप्रकाशला तिने पकडलं. हा जत्रेतल्या पाळण्यांची यंत्रं बनवतो. "भैया, एकदम हळू हां, आठवणीसारखं," ती म्हणाली. तो म्हणाला, "मॅडम, मक्खन!" मग अबोली एकटीच डेकवर डोळे मिटून उभी राहिली, डेक हळूच झुलला, आणि चाचणी पास झाली.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी ती स्वयंपाकघरात येऊन माझ्याजवळ बसली. "वहिनी, बाकी कोणी नाही आलं तरी चालेल गं. नानांनी एकदा यावं आणि म्हणावं, हो, अशीच होती. बस." आजवर तिच्या एकाही प्रदर्शनाला नाना गेलेले नाहीत. कधी गुडघा, कधी साखर, कधी नुसतंच "मला त्यातलं काय कळतंय". पोरगी पाण्याने भरलेल्या डोळ्यांनी मी मेथीतून निवडून काढलेल्या काड्या परत भाजीत टाकत होती. मला तिची दया आली आणि नानांचा असा राग आला की त्या रात्री त्यांना भाकरीवर तूप वाढलं नाही.

सकाळी मी तडक कट्टा गाठला. शिवदासकाका आणि शकुमावशी, दोघंही कोकणातले, नानांच्या रोजच्या बैठकीतले. त्यांना म्हटलं, मरोळला आगबोट आली आहे, चहा-बटाटेवडा आहे. अख्खा कट्टा निघाला म्हटल्यावर नाना घरी बसून सांगणार कोणाला? आलेच.

गाळ्याच्या दारात भिंतीवर लिहिलं होतं, 'स्थलांतरित देहाची सागरी स्मृती'. नाना थबकले. "देह? कोण गेलं?"

"कोणी नाही गेलं नाना, आत चला," मी म्हटलं.

आत कसं वावरायचं तेही अबोलीने ठरवलं होतं. चपला काढून, न बोलता, एकेकाने डेकवर चढायचं. तेवढ्यात स्पीकरमधून आगबोटीचा भोंगा वाजला, आणि सगळं मुसळ केरात. कारण बोटीने गेलेल्या माणसाला एकच गोष्ट ठाऊक असते: भोंगा झाला की धावायचं आणि पथारी टाकून जागा धरायची. आधी टाकली त्याची जागा. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या शकुमावशी माझ्या बाजूने अशा सुटल्या की मला वाराच लागला. त्यांनी लांबूनच पिशवी फेकली. शिवदासकाकांनी चप्पल फेकली.

"ही जागा माझी!"

"हट्! वाऱ्याची बाजू आम्ही धरली आहे!"

अबोलीने जीव लावून बांधलेल्या वळकट्या भराभर सुटल्या. कोणीतरी डबा उघडला. समुद्रवाऱ्यासाठी एका बाजूला पंखा लावला होता, सगळे तिकडेच जाऊन बसले. डेक कलला, मोटर कण्हायला लागली, आणि झुलायचं सोडून डेक गचके खाऊ लागला. "सब एक साइड मत बैठो!" चंद्रप्रकाश ओरडत होता. आपली धरलेली जागा कोण सोडतो? चित्रांच्या गॅलरीतून आलेला एक गृहस्थ मात्र मोबाइलवर शूटिंग करत "झकास, झकास" म्हणत होता. त्याला वाटलं, हे सगळं बसवलेलं आहे.

"वहिनी, वाट लागली!" अबोली रडकुंडीला आली होती.

नाना कुठे होते? कठड्याला धरून उभे, मान ताठ. तोंड अळूच्या फदफद्याच्या रंगाचं झालं होतं. तरी बोललेच, "मला कधी बोट..." आणि वाक्य तिथेच राहिलं. समोर एक उघडी ट्रंक होती. तिच्यावर चिठ्ठी होती, 'रितेपण'. नाना तिच्यात भडाभडा ओकले, आणि रितेपण काही उरलं नाही.

अबोली धावली. एका हाताने तिने नानांचं कपाळ धरलं, दुसऱ्याने पाठ चोळत राहिली. चंद्रप्रकाशने मोटर बंद केली. शकुमावशींनी पदराची गाठ सोडून आवळासुपारी पुढे केली. नुसत्या लाटा वाजत होत्या.

नानांनी वाकूनच धोतराच्या नव्हे, अबोलीच्या ओढणीला तोंड पुसलं. मग मुलीचा कपाळावरचा हात त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि बोलले ते गावच्या बोलीत, जी आमच्या घरात ते कधी बोलत नाहीत. "आवशीन असांच कपाळ धरल्यान हुतां." आईने असंच कपाळ धरलं होतं. आणि मरोळच्या त्या गाळ्यात, सगळ्या कट्ट्यासमोर, नाना हमसून हमसून रडले. अबोलीही रडली. मलाही रडू आवरेना, आणि आदल्या रात्री नानांना तूप न वाढल्याचं फार वाईट वाटलं.

गॅलरीवाल्या गृहस्थाने हे रोज होणार का म्हणून विचारलं. त्याच्याकडे मी असं बघितलं की तो चहा प्यायला निघून गेला.

दुसऱ्या संध्याकाळी नानांना न्यायला मी बागेत गेले. कट्ट्यावर कोणी नवीन गृहस्थ बसले होते. त्यांनी विचारलं, मुलगी काय करते?

"बोटी करते," नाना म्हणाले. "एकदम अस्सल. सगळ्यांच्या आधी मला लागली!"