बुजवलेली खाण

पोलादपूरच्या वर डोंगरमाथ्यावर जनीची वाडी आहे. घरं अजून उभी आहेत, पण त्यांना कुलपं आहेत. माणसं मुंबईला गेली. जनीचा मुलगा राजूही गेला. तो गणपतीला येतो आणि विसर्जन झालं की परतीची गाडी धरतो. एरवी जनी आणि तिच्या शेळ्या.

उतारावर दगडखाण सुरू झाली, तेव्हा मशिनांच्या धडधडीचा तिला त्रास झाला नाही. उलट बरं वाटलं. खाणीचा सुपरवायझर दीपेश बिरवाडीचा. रोज तिच्या ओट्यावर बसून चहा प्यायचा.

"मावशी, साखर काय मुंबईला पाठवलीस?"

"घे रे मेल्या, अजून घे," ती म्हणायची. दिवसभरात तेवढंच तिचं बोलणं.

सरकारची रॉयल्टी काढलेल्या दगडावर असते. खाणमालकाने कागदावर निम्मा दगडही दाखवला नव्हता. पाऊस सरला की अधिकारी खड्डा मोजायला येणार, हे त्याला आधीच कळलं. उन्हाळ्यातच त्याने खाणीची एक बाजू मातीने बुजवली. पावसात तिच्यावर गवत दाटलं.

"मावशी, त्या दिवशी शेळ्या तिथं आण," दीपेश म्हणाला. "विचारलं तर सांग, इथं कायम गुरांचं चरणच होतं. नायतर काम बंद पडेल. मग मी कशाला येतोय वर?"

जनी लगेच हो म्हणाली.

साहेब आले. तिला विचारलं. दीपेशने शिकवलं होतं तसंच तिने सांगितलं, "चरणच हाय, साहेब. पहिल्यापासून." साहेब परत जायला वळलेही. तेवढ्यात तिची कबरी शेळी हिरव्या गवताकडे धावली आणि पुढच्या पायांनी आत रुतली.

"मागं फिर गो कबरे!" जनी ओरडली. "खाली खाण बुजवलीय, पाय मोडंल!"

सगळे थांबले. साहेबांनी पहार मागवली. ती मातीत सहज खाली गेली.

काम बंद झालं. आठवड्याने दीपेश सामान न्यायला आला. जनी वाटेवर उभी होती. त्याने मोटरसायकल बंद केली नाही.

"एका शेळीपायी आमची भाकरी घालवलीस, मावशी."

"पाय मोडला असता रे तिचा. तोंडातून गेलं."

 त्याने गाडी पुढे काढली.

खाली मशिनं बंद होती. त्यामुळे गाडीचा आवाज घाटातल्या शेवटच्या वळणापर्यंत ऐकू आला. आवाज विरल्यावरही जनी तिथेच उभी होती.