सासऱ्यांचा समुद्र

पुण्यात राहून समुद्राची काळजी वाहणारा एकच माणूस मी पाहिला, आणि तो नेमका माझा सासरा निघाला. शनिवार पेठेतल्या शाळेत त्यांनी जन्मभर भूगोल शिकवला. निवृत्त झाल्यावर वर्ग सुटला, शिकवणं सुटलं नाही. मंडईत भाजी घेताना ते वांगी सोडून दगडी पायरीचा झिजलेला खळगा चाचपत आणि मागच्या गिऱ्हाइकाला सांगत, "हे पाय करतात. पाणी याहून सावकाश करतं, पण सोडत नाही." मी मुलगी पाहायला गेलो तेव्हा सॉफ्टवेअर म्हणजे काय, परदेशी जाणार का, असलं काही त्यांनी विचारलं नाही. विचारलं एवढंच, "लाटा किनाऱ्याला तिरक्या येतात, मग फुटताना सरळ का होतात?" मला आलं नाही. लग्न झालं ते सासूबाईंमुळे.

आयटीचा पगार अंगात भिनला होता त्या दिवसांत मी कोकणात अगदी समुद्राला लागून जागा घेतली. कौतुकाने सासऱ्यांना दाखवायला नेलं. त्यांनी समुद्राकडे पाहिलंच नाही. उघड्या पडलेल्या सुरूच्या मुळांपाशी वाकले, छत्रीने वाळूचा कडा टोकरला, मग शेजारच्या म्हातारीला विचारलं, "आजी, तुमची जुनी विहीर कुठे होती?" तिने पाण्याकडे बोट दाखवलं.

"जावईबापू," ते म्हणाले, "घर त्या नारळांच्या मागे बांधा. इथे फक्त खुर्ची मांडा. उचलता येईल अशी."

"अहो, भक्कम भिंत घालणार आहे मी."

"लाट भिंतीवर आपटली की परतताना पायाखालची वाळू घेऊन जाते. भिंत तिला अडवत नाही, चिडवते."

मला राग आला. घर मी तिथेच बांधलं आणि वास्तुशांतीला त्यांना नावापुरतं बोलावलं. ते आले, जेवले आणि पुण्याला परतले.

तिसऱ्या पावसाळ्यात राखणदाराचा फोन आला. भिंत गेली होती आणि व्हरांडा अधांतरी लोंबत होता. सासरे न बोलावता गाडीत येऊन बसले. घाटभर मी त्यांच्या टोमण्याची वाट पाहत होतो. पुणेरी माणूस अशी संधी दवडत नाही. तिथे पोचल्यावर मात्र त्यांनी चपला काढल्या आणि ओल्या वाळूत माझ्याशेजारी बसले.

"बोला ना," मी म्हणालो. "तुमचंच खरं झालं."

त्यांनी मूठभर ओली वाळू उचलून खाली सोडली. मग म्हणाले, "तीस वर्षं हा धडा शिकवला रे. हा एकदा तरी खोटा ठरावा, असं या घरासाठी रोज वाटायचं."

आता ते नाहीत. कोकणात गेलो की मी पाण्याजवळ जाऊन बसतो. तिरकी आलेली लाट किनाऱ्याशी सरळ होते. का होते, ते आता मला येतं. पण विचारणारं कोणी नाही.